दोघांचा आजार, एकीवर उपचार

‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार महाराष्ट्रातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात, विशेषतः आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, हमखास ऐकू येते. परंतु ती पहिल्या वाक्यात क्वचितच येते. आधी कंबर दुखते असे सांगितले जाते, मग पायांत गोळे येतात, चक्कर येते, अन्न गोड लागत नाही असे सांगून होते, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहावयास घेतली म्हणजे आवाज खाली घेऊन खरी गोष्ट बाहेर पडते. तिची कारणेही बाईने घरून ठरवूनच आणलेली असतात. अंगात उष्णता वाढली, अशक्तपणा आला, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया बाधली, तांबी सोसली नाही. डॉक्टरही पुष्कळदा या समजुतींना मान देतात, लोहाच्या गोळ्या आणि एखादे टॉनिक लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाला बोलावतात. पंधरवड्याने बाई तीच तक्रार घेऊन परत येते.

या तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात आणि त्यांतील काही तर रोगच नव्हेत. पाळीच्या चक्रात काही दिवस स्राव वाढणे हा शरीराचा नित्य धर्म आहे. तथापि खऱ्या रोगकारणांत एक असे आहे की ज्याचे नाव सुशिक्षित कुटुंबांतही फारसे कोणाला ठाऊक नसते. ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस हा एकपेशीय परजीवी, आणि त्याच्या संसर्गाला म्हणतात ट्रायकोमोनियासिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ या वयोगटात त्याचे १५ कोटी ६० लाख नवे संसर्ग झाले. त्याच वर्षी परम्याचे, म्हणजे गोनोरियाचे, नवे रुग्ण ८ कोटी २० लाख आणि उपदंशाचे सुमारे ७१ लाख होते. म्हणजे ज्या दोन रोगांच्या नावांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना धास्ती घातली त्यांची बेरीजही या अनामिक रोगाच्या जवळ पोचत नाही. या १५ कोटी ६० लाखांत पुरुषांचा वाटा ८ कोटी २६ लाखांचा, तर स्त्रियांचा ७ कोटी ३७ लाखांचा धरलेला आहे. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एवढ्या पसरलेल्या रोगाचा गवगवा का नसावा, याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. तो मारत नाही. उपदंशाप्रमाणे तो हाडांवर आणि मेंदूवर आपल्या खुणा ठेवीत नाही. एड्सची दहशत त्याला नाही. ज्या दुखण्याचा त्रास मुख्यतः बायकांनी मुकाट्याने सोसावयाचा असतो त्याच्या वाट्याला प्रसिद्धी फारशी येत नाही, आणि हा काही या एकाच रोगाचा अनुभव नव्हे.

हा जीव प्रथम दिसला तो पॅरिसमध्ये, १८३६ साली. आल्फ्रेड दॉने हा तेथील वैद्य सूक्ष्मदर्शकाला रुग्णालयात आणणाऱ्या पहिल्या काही मंडळींपैकी होता. रुग्णांच्या स्रावाचा थेंब काचेवर घेऊन पाहताना त्याला त्यात वळवळणारे जीव आढळले. फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे त्याने जे टिपण ठेवले त्याच्या मथळ्यातच पुरुष आणि स्त्री या दोघांच्याही जननेंद्रियांच्या स्रावांचा उल्लेख होता. रूढ झालेल्या लॅटिन नावात मात्र केवळ योनीच राहिली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. जेथे तो सहज सापडला तेथले नाव त्याला चिकटले, एवढेच. परंतु नावातून पुरुषाची जी सुटका झाली ती उपचारातही पुढे बराच काळ टिकली. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे हा जीव निरुपद्रवी पाहुणा समजला जात होता. १९१६ मध्ये एका जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने तो रोगकारक असल्याचे मत मांडले, आणि ते सर्वमान्य होईपर्यंत विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

नासपतीच्या आकाराचा हा जीव रक्तातील पांढऱ्या पेशीएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. त्याच्या पुढच्या टोकाला चाबकाच्या दोरीसारखे चार तंतू असतात आणि पाचवा एका पातळ पडद्याच्या कडेने मागे वळलेला असतो. त्यांच्या बळावर तो झटके देत पुढे सरकतो. आमांश घडविणारा अमीबा प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती कवच निर्माण करून पाण्यात तग धरतो. ट्रायकोमोनासला ही विद्या साधलेली नाही. अंगाची ऊब आणि ओल सुटली की तो लवकरच निकामी होतो. यास्तव सार्वजनिक शौचकूप, नदीचे पाणी, दुसऱ्याचा पंचा यांच्यावर खापर फोडण्यात फारसा अर्थ नाही. व्यवहारतः शरीरसंबंध हाच त्याच्या प्रसाराचा मार्ग आहे. आता हे रुग्णाला सांगणे अवघड असते यात शंका नाही. ‘घाण पाण्यामुळे झाले’ असे सांगितले की कुटुंबात कोणीच दुखावले जात नाही, म्हणून पुष्कळ डॉक्टर ही सोयीची वाट पत्करतात. पण त्या एका वाक्याने नवऱ्याला औषध देण्याचे कारणच नाहीसे होते.

संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे शेकडा ७० जणांना कसलेच लक्षण जाणवत नाही. ज्या स्त्रियांना ते जाणवते त्यांना संसर्गानंतर पाच दिवसांपासून चार आठवड्यांच्या अवधीत त्रास सुरू होतो. पिवळसर किंवा हिरवट, कधी फेसाळ आणि दुर्गंधी येणारा स्राव जातो, खाज सुटते, अंगाची आग होते, लघवीला जळजळते, संबंधाच्या वेळी दुखते. पुरुषाच्या ठायी हा जीव मूत्रमार्गात आणि कधी कधी प्रोस्टेट ग्रंथीत राहतो. क्वचित थोडी जळजळ किंवा किंचित स्राव, याहून अधिक काही बहुधा होत नाही. काही पुरुषांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसाही होतो. स्त्रीच्या शरीरात मात्र तो महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे टिकून राहू शकतो.

या विषमतेतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्हींकडे समाजाचे दुर्लक्ष झालेले आहे. ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणणारा नवरा बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच काही जाणवलेले नसते, आणि तरीही तो संसर्ग बाळगून असतो. दुसरी गोष्ट अशी की आज सापडलेला संसर्ग कोणी, केव्हा आणि कोठून आणला हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. तो गेल्या महिन्यातला असेल, तसाच विवाहाच्या आधीचाही असेल. हे निदान म्हणजे चारित्र्याचा पंचनामा नव्हे. असे असूनही घरात आळ येतो तो जिच्या अंगी लक्षण दिसले तिच्यावर. जो निर्लक्षण, तो निर्दोष असा हा न्याय आहे. तपासणीच्या खोलीत बाईचा आवाज खाली जातो तो लाजेने तेवढाच या न्यायाच्या भीतीनेही.

हा आजार म्हणजे नुसती खाज आणि गैरसोय, असे मानून चालणार नाही. या संसर्गाने योनिमार्गाचा अस्तर दाहयुक्त होतो, त्याला सूक्ष्म जखमा होतात, आणि त्यामुळे एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरण्याची शक्यता वाढते. ही वाढ साधारण दीडपट धरली जाते. गर्भवती स्त्रीला हा संसर्ग असेल तर गर्भजल वेळेआधी जाणे, मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होणे, यांचे प्रमाण अधिक आढळते. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. औषध दिले की हा धोका टळतो, असे सिद्ध झालेले नाही. कोणतेही लक्षण नसलेल्या गर्भवतींवर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात औषध घेतलेल्या गटात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण शेकडा १९, तर औषध न घेतलेल्या गटात ते शेकडा १०.७ निघाले. असे का व्हावे याचा उलगडा नीट झालेला नाही. गर्भवतीला त्रास होत असेल तर तिच्यावर उपचार करावयास हवेत, याविषयी मात्र दुमत नाही.

औषध साधे आहे, जुने आहे आणि स्वस्त आहे. १९५९ पर्यंत या रोगावर योनिमार्गात ठेवावयाची स्थानिक औषधेच होती. ती पुरुषापर्यंत पोचणे शक्यच नव्हते. त्या वर्षी मेट्रोनिडाझोल ही पोटात घ्यावयाची गोळी परिणामकारक असल्याचे फ्रान्समधील वैद्यांनी दाखवून दिले, आणि पहिल्यांदा पतिपत्नी दोघांना एकच औषध देणे शक्य झाले. हीच गोळी पुढे आमांशावर चालू लागली आणि महाराष्ट्रातील बहुतेक घरांना ती आज ‘पोटाची गोळी’ म्हणूनच परिचित आहे. बरीच वर्षे या रोगासाठी २ ग्रॅमची मात्रा एकदाच घ्यावी अशी रीत होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत, एकदाच मात्रा घेतलेल्या स्त्रियांपैकी शेकडा १९ जणींत चार आठवड्यांनंतरही संसर्ग आढळला. सात दिवस, दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ११ होते. त्यानंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या मार्गदर्शिकेत स्त्रियांसाठी सात दिवसांचा क्रम मान्य केला. पुरुषांसाठी एकच मात्रा कायम ठेवली. काही थोड्या रुग्णांत या औषधाला परजीवी दाद देत नाही हे खरे. परंतु उपचार होऊनही रोग परत येतो तो पुष्कळदा औषध हरले म्हणून नव्हे, तर जोडीदाराकडून तो पुन्हा लागतो म्हणून. बाईने सात दिवस निष्ठेने चौदा गोळ्या घ्याव्यात आणि आठव्या दिवशी, औषधाला हातही न लावलेल्या नवऱ्याकडून तोच जीव परत स्वीकारावा, असे हे चक्र चालते.

महाराष्ट्रातील बाईच्या या दुखण्याची मोजदाद प्रथम नीट झाली ती गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी त्या जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, आणि या रोगांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. तक्रार सांगितली होती शेकडा ५५ जणींनी. आणि पूर्वी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या शेकडा ८. बाईकडे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन खिडक्यांतून पाहण्याची सवय लागलेल्या आरोग्यव्यवस्थेला हा धक्का होता. त्या अभ्यासाचे मोठेपण केवळ आकड्यांत नाही. ज्याविषयी बोलले जात नाही ते नसतेच, हा सरकारी समज त्याने खोटा ठरविला.

तथापि गडचिरोलीच्या आकड्यांवरून प्रत्येक पांढऱ्या स्रावाला लैंगिक रोग ठरविणे हे दुसरे टोक होईल. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. जननमार्गाचा संसर्ग शेकडा २८ स्त्रियांत होता. परंतु त्यांतील बहुतेक जिवाणूंच्या असमतोलाचे किंवा बुरशीचे होते. ट्रायकोमोनास धरून लैंगिक मार्गाने लागणारे संसर्ग शेकडा ४ च्या आसपासच निघाले. त्याच प्रकल्पात आणखी एक गोष्ट दिसून आली. स्रावाची तक्रार करणाऱ्या स्त्रियांत संसर्गापेक्षा मानसिक ताण आणि घरातील क्लेश यांचा संबंध अधिक होता. तेव्हा ‘अंगावरून जाते’ हे बाईचे वाक्य कधी जंतूविषयी असते आणि कधी संसाराविषयी. कोणते वाक्य कशाविषयी आहे, हे तपासल्याशिवाय कळणे शक्य नाही.

आणि तपासणी हीच नेमकी गाळली गेली. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून उपचार करावा, ही पद्धत भारतात लैंगिक रोगांसाठी स्वीकारली गेली. प्रत्येक लक्षणसमूहासाठी निराळ्या रंगाची औषधांची पुडी ठरली, योनिस्रावासाठी हिरवी. जेथे काहीच नव्हते तेथे या पद्धतीने लाखो रुग्णांपर्यंत औषध पोचविले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्या दोन उणिवा या रोगाच्या बाबतीत नेमक्या बाधतात. जिला लक्षण नाही तिला पुडी नाही. आणि २००७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतील तक्त्यात, योनिस्रावाच्या रुग्णाला पहिल्या उपचाराने गुण आला नाही तरच जोडीदारावर उपचार करावा, अशी योजना होती. तिच्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. बहुतेक स्राव लैंगिक रोगाचे नसताना प्रत्येक नवऱ्याला बोलावणे म्हणजे घरोघर भांडणे लावणे. परंतु ज्या स्त्रीला खरोखरच ट्रायकोमोनास आहे तिच्या वाट्याला यातून काय येते? पहिली पुडी वाया जाते, दुसऱ्या खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तिसऱ्या खेपेला ती सरकारी दवाखान्याकडे फिरकत नाही.

ती कोठे जाते, याचे एक उत्तर बीड जिल्ह्याने दिले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक, आणि हे अशा देशात, की जेथे २०१५–१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण शेकडा ३ च्या जवळ होते. या स्त्रिया डॉक्टरकडे गेल्या होत्या त्या पोटदुखी, पाळीच्या तक्रारी आणि पांढरे जाणे यांसाठी. त्यांतील किती जणींना ट्रायकोमोनास होता हे कोणी पाहिलेलेच नाही, आणि दोष आहे तो तेथेच. योनिमार्गातील परजीवी गर्भाशय काढल्याने जात नाही. शस्त्रक्रियेचे कर्ज मात्र पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळविले जाते, आणि उचल फेडण्यासाठी कोयता पुन्हा हाती घ्यावा लागतो.

मुकादमाच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. उचल दोघांना मिळून, काम दोघांचे मिळून, खाडा पडला तर दंडही दोघांचा मिळून. एवढा चोख जोडहिशेब ठेवणाऱ्या व्यवहारात आजारपण तेवढे एकटीचे मानले जाते, ही विसंगती कोणाच्या नजरेस येत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या रक्तनमुन्यांसाठी आणि क्षयाच्या थुंकीसाठी सूक्ष्मदर्शक असतो, तो चालविणारा तंत्रज्ञ असतो. ट्रायकोमोनास पाहण्यासाठी रंगद्रव्येही लागत नाहीत. स्रावात मिठाच्या पाण्याचा एक थेंब मिसळून दहा मिनिटांच्या आत पाहिले की हलणारा जीव ओळखता येतो. उशीर झाला, नमुना थंड झाला, की तो निपचित पडतो आणि पांढऱ्या पेशीसारखा दिसू लागतो. या साध्या परीक्षेत शंभरातील पन्नास ते सत्तर संसर्गच सापडतात हे खरे. नव्या रेणवीय चाचण्या याहून पुष्कळ अचूक आहेत आणि जिल्हा पातळीवर त्या उपलब्ध करून देणे अगत्याचे आहे. परंतु निम्म्यांचे निदान होणे हे कोणाचेच न होण्यापेक्षा पुष्कळ बरे. शिवाय ज्या बाईच्या काचेवर तो जीव प्रत्यक्ष दिसला तिच्या नवऱ्याला औषध देण्यासाठी दुसऱ्या खेपेची वाट पाहण्याचे काही कारण उरत नाही.

नवऱ्याशी बोलावयाचे कोणी, हा खरा प्रश्न. आशा कार्यकर्ती बाई असते, परिचारिकाही बाईच. गावातल्या पुरुषाला ‘तुम्हालाही हे औषध घ्यावे लागेल’ हे त्यांनी सांगावे, अशी अपेक्षा करणे हे त्यांच्यावर अन्यायाचे आहे. हिवतापाच्या कामासाठी घरोघर फिरणारा पुरुष आरोग्यसेवक केंद्राकडे असतो. हे बोलणे त्याचे आहे. त्याने ते दोष न ठेवता बोलावे. हा दोघांमध्ये फिरणारा जंतू आहे, लक्षण नसले तरी असू शकतो, कोणी आणला हे कळत नाही, दोघांनी एकाच वेळी औषध घेतले तर जातो, आणि ते संपेपर्यंत संबंध टाळावा, नाही तर निरोध वापरावा. एवढी चार वाक्ये त्याला शिकविणे आरोग्य खात्याला जड जाऊ नये.

ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्या निघण्यापूर्वी आरोग्य तपासणी करावयाची तर ती एकट्या बाईची न करता कोयत्याची करावी, आणि औषधाची नोंद दोघांच्या नावे एकाच कागदावर असावी. उपचारानंतर तीन महिन्यांनी स्त्रीची फेरतपासणी व्हावी, असे वैद्यक सांगते. त्या वेळी ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असतील. तेव्हा तो कागद तेथल्या केंद्रात चालला पाहिजे, आणि तपासणीसाठी गेलेल्या दिवसाचा खाडा धरू नये, हे कारखान्यांकडून हंगाम सुरू होण्याआधीच लिहून घेतले पाहिजे.